मदत हवी आहे: दोघांना मिळून खेळायला कोणता ऑनलाइन गेम, गिल्ड वॉर्स २ की फायनल फँटसी १४?

मंडळी, मी नाशिकात, मावसभाऊ जर्मनीत. रात्री तासभर, तेही आठवड्यातून दोन-तीनदाच जमतं. मला गोष्ट आणि भटकंती हवी, त्याला मोठे बॉस, म्हणजे तगडे शत्रू, पाडायचेत. एकमेकांशी लढायची हौस दोघांनाही नाही. दरमहा पैसे भरायची तयारी नाही, एकदाच विकत घ्यायला हरकत नाही.

फायनल फँटसीची फुकट आवृत्ती चालवून पाहिली. ७० लेव्हलपर्यंत वेळेची मर्यादा नाही, गोष्टही झकास. पण त्यात फ्री कंपनीत (खेळाडूंच्या गटात) शिरता येत नाही, मार्केट बोर्ड (खेळाडूंचा आपसातला बाजार) बंद, आणि मुख्य कथा पुढे सरकल्याशिवाय नवी डंजन (गटाने लढायच्या बंदिस्त जागा) उघडत नाहीत. भाऊ कटसीन (गोष्ट सांगणारे, नुसते बघायचे प्रसंग) बघून कंटाळला. (मी नाही!)

गिल्ड वॉर्स २ कागदावर तरी आमच्यासाठीच बनवल्यासारखा वाटतो. मासिक वर्गणी नाही, २०१२ पासून कमाल लेव्हल ८०च, आणि खालच्या भागात गेलं की वरच्या लेव्हलच्या खेळाडूची लेव्हल आपोआप उतरते. म्हणजे तो पुढे गेला तरी सोबत खेळता येईल. अडचण सर्व्हरची: युरोप किंवा उत्तर अमेरिका, आशियात चीनची वेगळी सेवा सोडली तर नाहीच. भाऊ तिकडे असल्याने युरोपच घेऊ. ओल्ड स्कूल रूनस्केप हा तिसरा ऑनलाइन गेम सुचवू नका, भावाला क्लिक करत बसायचं नाही.

माझ्याकडे फायबर आहे, लॅपटॉप दोन्ही गेम चालवतो. महाराष्ट्रातून युरोप सर्व्हरवर कोणी नियमित खेळतं का? बॉसचा फटका दिसल्यावर डॉज (फटका चुकवायची उडी) वेळेत लागतो, की पिंगमुळे (लांबच्या सर्व्हरशी बोलताना लागणाऱ्या वेळामुळे) आधीच आडवे होता?