लेबनॉन: निर्वासितांची अन्नमदत लिरात की डॉलरमध्ये?

हिशेबी
लेबनॉनचं चलन लिरा. १९९७पासून एका डॉलरला १,५०७.५ लिरा हा दर बांधलेला होता. २०१९च्या ऑक्टोबरनंतर तो सुटला आणि २०२३च्या मार्चमध्ये खुल्या बाजारात एक लाखावर गेला. अशा काळात सीरियन निर्वासितांना लिरात मदत देणं म्हणजे देणगीदारांचा पैसा वाटेतच आटवणं. संकटाआधी माणशी महिन्याला २७ डॉलर, म्हणजे सुमारे ४०,५०० लिरा निर्वासितांच्या मदतकार्डावर जमा व्हायचे. २०२०च्या उन्हाळ्यात डॉलर ८,०००ला गेला तेव्हा तेवढ्याच लिरांचे जेमतेम पाच डॉलर उरले. पुढे रक्कम वाढवली, पण दराच्या मागून. तेल, तांदूळ, साखर परदेशातून येते, आणि दुकानदार माल पुन्हा भरताना जो दर पडेल तो आजच धरतो. म्हणून डॉलरच द्या.

वेशीवरचा
पूर्ण असहमत. साध्या लेबनीज सैनिकाचा पगार आधी सात-आठशे डॉलरच्या घरात होता, तो संकटात शंभराच्याही खाली आला, आणि मिळायचा लिरातच. शेजारच्या तंबूत डॉलर आले की राग त्या कुटुंबावरच निघणार. २०२३च्या मेमध्ये डॉलरवाटप सरकारच्या आक्षेपामुळे थांबवावं लागलं, हे विसरू नका. त्यापेक्षा गव्हावर अनुदान द्या. रोटी लेबनीज आणि सीरियन दोघेही खातात, आणि कोणाची कागदपत्रं बघावी लागत नाहीत. २०१५च्या मेपासून सरकारच्या सांगण्यावरून निर्वासितांची नवी नोंदणीच बंद झाली. मग यादीवर चालणाऱ्या मदतीतून माणसं सुटणारच!

गिरणीकाठ
रोटीच्या अनुदानाबद्दल थोडं सविस्तर, कारण ते दिसतं तितकं सोपं नाही. बैरूत बंदरातली धान्याची कोठारं ४ ऑगस्ट २०२०च्या स्फोटात गेली. त्यांची क्षमता सुमारे १,२०,००० टन होती. त्यानंतर साठा गिरण्यांच्या गोदामांपुरता उरला, म्हणजे जहाजं वेळेवर यायलाच हवीत. गव्हाचा मोठा वाटा युक्रेनचा, तो २०२२मध्ये अडला. त्यातच मध्यवर्ती बँकेकडून पैसे सुटायला उशीर झाला की गहू आला तरी उतरवता येत नाही. त्या उन्हाळ्यात बेकऱ्यांपुढे रांगा लागल्या, सीरियन लोकांवर हात उगारले गेले. जागतिक बँकेने १५ कोटी डॉलरचं गहूकर्ज दिलं ते त्याच वर्षी.

दुसरी अडचण पिठाच्या गळतीची. एकाच गिरणीतून स्वस्त आणि बाजारभावाचं पीठ निघालं, की स्वस्त पीठ मिठाई-क्रोसाँकडे वळतं किंवा सीमेपलीकडे जातं. अनुदान ठेवायचंच असेल तर गिरणीतून गेलेलं पीठ आणि बेकरीतून निघालेले रोटीचे पुडे यांचा रोज ताळा घ्या. नुसत्या कोट्याने चोरी थांबत नाही.

हिशेबी
वेशीवरचा, रागाची भीती खरी आहे. पण त्यावर उत्तर म्हणून निर्वासितांचं ताट का कमी करायचं? गरीब लेबनीज कुटुंबांसाठीची जागतिक बँकेची योजना डॉलरमध्येच होती: कुटुंबामागे २५ डॉलर आणि माणशी २०, जास्तीत जास्त सहा जणांपर्यंत. ती योग्यच होती. दुखणं उशिराचं: कर्ज मंजूर झालं २०२१च्या जानेवारीत, पैसे हातात पडू लागले २०२२च्या मार्चमध्ये. तो वेग वाढवा.

रोकडा
नोटांचाही विचार करा. २०२३मध्ये लिराची सर्वांत मोठी नोट एक लाखाची होती. डॉलरला लाख लिरा या दराने २० डॉलर लिरात दिले तर २० नोटा, सहा जणांच्या घराला १२०. वाटपाच्या दिवशी एटीएम दुपारपर्यंत रिकामं होतं. तारखा कार्डाच्या शेवटच्या अंकानुसार वाटून द्या.

वेशीवरचा
तारखा वाटणं मान्य. पण लेबनीज मदतीच्या यादीबाहेर राहिलेल्या पगारदारांचं काय? ते त्या योजनेत बसत नाहीत आणि पगारातही भागवू शकत नाहीत. त्यांच्यापर्यंत फक्त अनुदानाची रोटीच पोचत होती. ती महाग करून डॉलर वाटायला माझा विरोध कायम आहे.