तंजावर: गाइडच्या पोतडीतलं आणि पोतडीबाहेरचं काय काय बघावं?

पायपीट_सदाशिव:
डिसेंबरात आई-बाबांना घेऊन तंजावरला चाललोय. मुक्काम दोनच रात्री. बृहदीश्वराचं देऊळ आणि सरस्वती महाल ग्रंथालय ठरलेलंच आहे. मला हव्यात त्या पाटीवर नसलेल्या गमतीजमती. संभाजीराजांवरून सांबार हे नाव पडलं, ती गोष्ट कृपया नको, आमच्या फॅमिली ग्रुपवर दर महिन्याला येते. आणि त्या देवळाची सावली जमिनीवर पडत नाही म्हणतात, ते खरं का? बाबांना मोडी वाचता येते, त्यांच्या जोगतं काही असेल तर दुधात साखर.

कावेरीकाठ:
सावली पडते हो, चांगली लांबलचक पडते. सकाळी लवकर जा म्हणजे डोळ्यांनी बघाल आणि पायही भाजणार नाहीत. आत अनवाणी फिरायचं असतं, दुपारी फरशीवर नाचायची पाळी येते. नंदीबद्दलही सांगतील, की तो वाढतच चालला होता म्हणून पाठीत खिळा ठोकला. मुळात देऊळ १०१० सालचं, राजराज चोळाचं, आणि हा नंदी बराच नंतरचा, नायक राजांच्या काळातला. तरी गोष्ट ऐकून घ्या, छान रंगवून सांगतात.

शिखराच्या उत्तर बाजूला टोपी घातलेला एक साहेब कोरलाय. गाइड म्हणतो, गोरे येणार हे राजराजाला आधीच कळलं होतं! नंतरच्या डागडुजीत कुणीतरी बसवला असावा, असं मानतात. दुर्बीण न्या.

मोडीवेडी:
तुमच्या बाबांना देवळाच्या आवारात नैऋत्येकडच्या भिंतीपाशी न्या आणि तासभर विसरून जा. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ साली भोसल्यांचा अख्खा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतलाय. लिपी देवनागरी, त्यामुळे मोडी नसली तरी चालतं. चोळांच्या देवळात, तमिळ मुलखात, भिंतच्या भिंत मराठी! बहुतेक लोक नंदीपाशी फोटो काढून परत फिरतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

मोडी कागद सरस्वती महालात ढिगाने आहेत, पण ते पर्यटकांसाठी उघडे नसतात. तिथल्या छोट्या संग्रहालयावर समाधान मानावं लागेल. सरफोजींच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, याच ग्रंथालयात जपल्या आहेत. आणि १८०६ साली तंजावरातच इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, 'बालबोधमुक्तावली' नावाने. पेशवाई बुडायला तेव्हा अजून बारा वर्षं होती.

उडपीप्रेमी:
सांबार नको म्हणालात तरी सांगतोच. आमसुलं संपली म्हणून चिंच घातली...

पायपीट_सदाशिव:
@उडपीप्रेमी, हात जोडतो 🙏
@मोडीवेडी, भिंतीचं बाबांना सांगितलं. ते आता एकच दिवस देवळाला पुरेल का, असं विचारतायत.

कावेरीकाठ:
एक राहिलंच. पुढाऱ्यांमध्ये या देवळाची धास्ती आहे. १९८४ च्या सप्टेंबरात इंदिरा गांधी आणि तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एमजीआर इथल्या समारंभाला आले. पुढच्याच महिन्यात एमजीआर अंथरुणाला खिळले आणि महिनाअखेर इंदिराजींची हत्या झाली. तेव्हापासून मुख्य दाराने आत शिरला की खुर्ची जाते, ही समजूत पक्की झाली. २०१० मध्ये देवळाच्या सहस्राब्दीला तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी आले, ते बाजूच्या दाराने. स्वतःला नास्तिक म्हणवणारे, बरं का!

टोपीवाला_नाना:
सगळे देवळातच अडकलात. शिवगंगा बागेतलं श्वार्ट्झ चर्च चुकवू नका. श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी, सरफोजींचा गुरू. तो १७९८ साली वारला. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं संगमरवरी शिल्प आहे: गुरू मरणशय्येवर आणि पगडीधारी मराठा राजा त्याचा हात धरून उभा. राजा शेवटपर्यंत हिंदूच राहिला, पण गुरूचं स्मारक हौसेने करून घेतलं.

राजवाड्याच्या मनोऱ्यात देवमाशाचा सांगाडा दिसला तर दचकू नका. तो तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर वाहून आलेला, भोसल्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

गाडी असेल तर 'मनोरा' बघाच. साठेक किलोमीटर, पार समुद्रकाठी. नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून सरफोजींनी बांधलेली षट्कोनी इमारत. लोक बेधडक वॉटर्लूचं स्मारक म्हणतात, पण शिलालेखावर साल १८१४ आहे आणि वॉटर्लू झालं १८१५ च्या जूनमध्ये! म्हणजे राजाने आनंद साजरा केला तो नेपोलियनच्या आधीच्या पतनाचा.

पायपीट_सदाशिव:
नाना, हे भारी आहे. पण आईचे गुडघे दुखतात. मनोऱ्यात पायऱ्या चढाव्या लागतात का? आणि चर्च कधी उघडं असतं?

टोपीवाला_नाना:
काकूंना वर चढवू नका, खालून समुद्र दिसतो तेवढा पुरे. जेवण जाताना पट्टुकोट्टईतच उरकून घ्या, पुढे फारसं काही मिळत नाही. चर्चला कुलूप दिसलं तर आजूबाजूला विचारा, आम्हाला उघडून दिलं होतं.