घासणी कोणती वापरता? किती दिवस टिकते?

पेठेतली

गेल्या गुरुवारी मुलाच्या आमटीत तार निघाली. बोटाच्या पेराएवढी, कुरळी. दाताखाली आली म्हणून कळलं, नाहीतर गेलीच होती पोटात. त्याच संध्याकाळी सिंकखालचा डबा उपसला. गंजलेल्या दोन तारेच्या घासण्या, फोम सुटून नुसती उरलेली हिरवी चकती, वास मारणारा पिवळा स्पंज, आणि साबणाच्या वडीबरोबर फुकट आलेले चार न उघडलेले स्क्रबर. महिन्याला तीन-चार घासण्या संपतात आमच्याकडे. आईचा एक काथ्या पाडव्याला आणला की गणपतीपर्यंत जायचा, अशी माझी आठवण आहे. (आठवणीतल्या वस्तू जरा जास्तच टिकतात, मान्य.)

तर मंडळी, अनुभव लिहा. "अमुक मस्त आहे" एवढंच नको. भांडी कशाची, घासतं कोण, आणि घासून झाल्यावर ती घासणी राहते कुठे, तेही सांगा. माझ्याकडे स्टील, दोन नॉनस्टिक आणि हिंडालियमचा कुकर. सकाळी मावशी घासतात, रात्री मी.

राजापूरकर

आमच्याकडे भांडी मागीलदारी, माडाच्या मुळाशी घासत, म्हणजे पाणी माडाला. करवंटीत चाळलेली राख, आणि नारळाच्या सोडणाचा मूठभर तुकडा दगडावर ठेचलेला. ठेचला की तंतू मोकळे होतात आणि हाताला बसेल असा कुंचा तयार. राख अल्कधर्मी, तेलकटाशी मिळून थोडाफार साबणच होतो तिचा. घासणी टिकावी असं कुणाच्या मनातही नव्हतं. दोन-तीन दिवसांनी ती वाळवून चुलीत, पुढच्या राखेत तिचाच वाटा.

आता ठाण्याला असतो. सोडणं गावाहून आणतो, राख नाही आणत, कारण चुलीत हल्ली दुधाच्या पिशव्यांपासून काय वाट्टेल ते जाळतात. एक सूचना: नवीन सोडणाचं पाणी तांबूस निघतं. रात्रभर भिजवून ते ओतून द्या, नाहीतर पांढऱ्या कपांना रंग चढतो आणि घरात बोलणी बसतात.

सात बावीसची लोकल

आमच्या घरी घासणी मी निवडत नाही, ताई निवडतात. मी हौसेने ओरखडे न पाडणारा निळा स्पंज आणला होता, चांगला महाग. ताईंनी दोन दिवस वापरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पिशवीतून तार काढली. विचारलं तर म्हणाल्या, "मला सहा घरं करायचीत. ह्यानं तुमची कढई अर्धा तास घेते."

खरंच होतं. रात्रीची करपलेली कढई सकाळपर्यंत कोरडीठाक ओट्यावर ठेवायची आणि वर त्यांनी मऊ स्पंजाने घासावी म्हणायचं! आता रात्रीच कढईत गरम पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालते. तार आपोआप बंद झाली, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

खानावळवाला

नाशिकला खानावळ आहे, 11 वर्षं झाली. दिवसाला दीडशेच्या आसपास ताटं, त्यामुळे या विषयात आमचे पैसे बरेच गेलेत.

तारेची घासणी दोन जातींची असते. एक साध्या लोखंडी तारेची, वर जस्ताचा मुलामा. नवी असताना ही छान चमकते आणि स्वस्त पडते. पण चिंच, लिंबू, टोमॅटो लागले की मुलामा लवकर उडतो आणि खालचं लोखंड गंजायला लागतं. मग तुकडे पडतात. तुमच्या आमटीत निघाली ती बहुधा हीच. दुसरी स्टेनलेसची, चपट्या रिबिनीसारख्या लांब पट्टीची वेटोळी. हिचं एक टोक ओढलं तर हातभर लांब येतं, पटकन तुटत नाही. लोकरीसारखी बारीक तार मिळते ती तर अन्नाच्या भांड्याला लावूच नका, तिचा भुगाच होतो.

ओळखायचं कसं? डझनाचं पाकीट घेतलं की त्यातली एक मिठाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी तांबूस ठिपके दिसले की दुकानदाराला परत. आमचा दुकानदार आता मला बघूनच वेगळं पाकीट काढतो.

तरीही आमच्याकडे तार फक्त मोठ्या पातेल्यांच्या बुडाला, बाहेरून. ताटं, वाट्या, पराती हिरव्या घासणीने. ती सुटी चौकोनी न घेता मोठा तक्ता घेतो आणि कात्रीने कापतो. घरी स्पंज चिकटवलेली घेता ना, तिचा गोंद कढत पाण्याने सुटतो, आणि घासणी चांगली असताना फेकावी लागते. हिरव्या घासणीत नायलॉनसारख्या धाग्यांवर खरखरीत कण राळेने बसवलेले असतात, ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. ते उडाले की ती गुळगुळीत होते. माझी पोरं एक घासणी चार दिवसांत गुळगुळीत करतात. मग ती ओट्याला आणि शेगडीला.

चुंबकवाले काका

एवढा खटाटोप कशाला? दुकानातच चुंबक लावावं. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर स्टेनलेस.

खानावळवाला

काका, 304 ग्रेडच्या स्टीलच्या भांड्यांना तो नियम बऱ्यापैकी चालतो. पण घासण्या 430 सारख्या स्टीलच्याही असतात. त्याला चुंबक चिकटतं आणि ते स्टेनलेसच असतं. चांगली घासणी परत करून याल. मिठाचं पाणीच खरं.

चुंबकवाले काका

करून बघतो. (चुंबक खिशात राहीलच.)

बिडाचा तवा

दोन वर्षं तेल पाजून पाजून तयार केलेला बिडाचा तवा. डोसा नुसत्या बोटाने उचलावा असा. मी माहेरी गेले चार दिवस आणि यजमानांनी प्रेमाने, साबण आणि तार घेऊन, "काळा झाला होता गं" म्हणून चकचकीत करून ठेवला. घरी आले तर राखाडी तवा, वर गंजाचा हलका थर, आणि समोर शाबासकीच्या अपेक्षेत उभा माणूस.

बिडाला घासणी लागलीच तर नारळाचा काथ्या आणि जाडं मीठ, बस्स. मग गॅसवर वाळवून तेलाचं बोट. यजमान आता फक्त कपबशा घासतात.

कल्हईच्या काळातली

माझ्या सासूबाई तारेला घरात येऊच देत नसत. पितळी पातेल्यांना आतून कल्हई असायची आणि तार लागली की ती खरवडून निघायची. मग आंबट कशात शिजवायचं? कल्हईवाल्याची वाट बघत बसायचं. आतून राख आणि मऊ काथ्या, बाहेरून चिंच-मीठ. चिंच जपायची तर आमटीत वापरलेल्या चिंचेचा चोथा.

वर सगळे घासणी किती टिकली ते मोजताहेत म्हणून लिहिते. माझ्याकडे एक स्टीलची तार दीड वर्ष टिकली. काही म्हणजे काही झालं नाही तिला. हिंडालियमच्या कढईचं बूड मात्र पातळ झालं, आणि सुनेच्या नॉनस्टिकचा थर गेला. घासण्यात काहीतरी झिजणारच. घासणी झिजत नसेल तर भांडं बघावं. घासणी 20 रुपयांची, कढई कितीची?

कुकर आतून काळा पडला असेल तर घासत बसू नका. आमसुलं किंवा लिंबाची सालं घालून पाणी उकळा.

तोक्योकर

राजापूरकरांचं वाचून हसू आलं, कारण मी इथे पैसे मोजून जवळजवळ तेच विकत घेतो. ताडाच्या जातीच्या एका झाडाचे तंतू तारेत पिळून गोल वळवलेली घासणी, तिला 'तावाशी' म्हणतात. कासवाचं नाव असलेली 'कामेनोको' तावाशी 1907 सालापासून आहे आणि अजून दुकानात टांगलेली दिसते. माझी पहिली दोन वर्षं चालली, लोखंडी कढईला आणि बटाटे धुवायला. कारण एकच, तिला टांगायला दोरी असते. घासलं, झटकलं, टांगलं. पुण्याला आईला एक नेऊन दिली. तिने ती साबणाच्या डबीत पाण्यात ठेवली, दीड महिन्यात कुजली.

बर्लिनची पाहुणी

टिकाऊ स्पंज हवाच कशाला? 2017 मध्ये इथे जर्मनीतल्याच फुर्टवांगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी घराघरांतले 14 वापरलेले स्पंज तपासले. काही ठिकाणी एका घन सेंटीमीटरमध्ये 5000 कोटींहून जास्त जिवाणू. सगळे घातक नसतात, पण त्यांचा सल्ला होता आठवड्याला स्पंज बदलण्याचा. तेव्हापासून मी दांड्याचा ब्रश वापरते. उभा राहतो, तासाभरात वाळतो, वर्षभर जातो. वाटीच्या काठाला नीट लागत नाही एवढीच तक्रार. लेक आली की आधी स्पंज शोधते.

सात बावीसची लोकल

आमच्या एकीने स्पंज मायक्रोवेव्हमध्ये टाकला. कोरडा. धूर झाला नुसता. करायचंच तर चिंब ओला लागतो, एक मिनिटभर, आणि तारवाला अजिबात नको.

कांद्याची जाळी

कांदे येतात ना त्या लाल जाळीच्या पिशवीत, ती घडी करून मध्ये दोऱ्याने आवळा. फुकट घासणी. दही-ताकाच्या भांड्यांना उत्तम. कणकेच्या परातीला तर याहून चांगलं काही नाही, स्पंजात कणीक अडकते ती यात अडकत नाही. पंधरा दिवसांत सुटे धागे निघू लागतात, मग टाकून द्यायची.

परसातली

साताऱ्याजवळ घर, कुंपणावर घोसाळ्याचा वेल. दरवर्षी चार-पाच घोसाळी तोडत नाही. वेलावरच पिवळी, मग तपकिरी होऊ देते. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की काढायची. थोडा वेळ पाण्यात भिजवली की साल कागदासारखी सुटते. टोक कापून बिया झटकायच्या, जाळी धुऊन उन्हात. एका घोसाळ्याचे तीन तुकडे. कोरडी असताना टणक, ओली झाली की मऊ. स्टील, काच, नॉनस्टिक, सगळ्याला चालते. करपलेल्याला नाही चालत, उगाच आशा नको. एक तुकडा साधारण तीन आठवडे जातो. पावसाळ्यात मात्र काळे ठिपके पडतात, कितीही टांगा. तेव्हा मी मुकाट्याने हिरवी घासणी आणते.

दोडक्याचीही होते, पण सालीच्या शिरा सोलताना जीव जातो. घोसाळंच बरं. बिया जूनमध्ये लावायच्या. हव्या असतील तर सांगा.

तोक्योकर

इथे त्याला 'हेचिमा' म्हणतात, ओकिनावात कोवळं असताना खातातही.

पेठेतली

दीड महिन्याने आले. मिठाच्या पाण्यात माझ्याकडच्या दोन्ही तारा नापास. चार फुकट स्क्रबरपैकी तीन तसेच पडून. नळाच्या वर दोन हूक ठोकले, एकावर काथ्या, एकावर परसातलीने पाठवलेली घोसाळ्याची जाळी. कढई रात्री भिजते.

मावशींनी पहिल्या दिवशी ती जाळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, वास घेतला. मग मला म्हणाल्या, "ताई, भजी करायची सोडून हे काय केलंत हो?"