बाइंडपॅरममुळे सगळ्या रकान्यांत एकच किंमत (व्हॅल्यू) का जाते?

प्रश्न

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी मी पीएचपी ८.२ आणि मायएसक्यूएलमध्ये हळदीच्या पट्ट्यांची (विक्रीच्या हिशोबपावत्यांची) नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहीत आहे. क्वेरीत किमती थेट जोडणे धोक्याचे असल्याने मी पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीच्या) प्रिपेअर्ड स्टेटमेंटकडे, म्हणजे क्वेरीचा साचा आणि किमती वेगळ्या देण्याच्या पद्धतीकडे, वळलो. नाव, पोती, वजन आणि दर यांचा ॲरे फॉरईचने फिरवतो, प्रत्येक फेरीत लूपमधील व्हेरिएबल बाइंडपॅरमला (क्वेरीतील रिकाम्या जागेला व्हेरिएबल बांधणाऱ्या फंक्शनला) देतो आणि लूप संपल्यावर एकदाच एक्झिक्यूट करतो. एरर काहीच येत नाही, परंतु टेबल उघडल्यावर शेतकऱ्याच्या नावासकट चारही रकान्यांत १४२०० दिसते, आणि तो तर दर आहे. ॲरे छापून पाहिला. तो बरोबर आहे.

उत्तर १

ॲरेत दोष नाही. बाइंडपॅरम त्या क्षणीची किंमत घेत नाही, तर व्हेरिएबलचा रेफरन्स धरून ठेवते आणि किंमत एक्झिक्यूटच्या वेळी वाचते. तुमच्या चारही जागा एकाच व्हेरिएबलला बांधल्या गेल्या आहेत आणि लूप संपताना त्यात शेवटचा दर उरतो. तिथे बाइंडव्हॅल्यू वापरा, ते त्या क्षणीची किंमतच बांधते. बाइंडपॅरम निरुपयोगी आहे असे मात्र समजू नका: दिवसभराच्या पट्ट्या एकदम भरायच्या असतील, तर चार स्वतंत्र व्हेरिएबल एकदाच बांधून प्रत्येक फेरीत त्यांच्या किमती बदलून एक्झिक्यूट करणे फार सोयीचे पडते.

उत्तर २

वरील निदान अचूक आहे. काही जण ॲरे थेट एक्झिक्यूटला देण्याचा सल्ला देतील. तेही चालते, पण तेव्हा सर्व किमती स्ट्रिंग म्हणून जातात. मायएसक्यूएलसाठी पीडीओ मूळ सेटिंगनुसार प्रिपेअरची नक्कल स्वतःच करत (म्हणजे किमती क्वेरीत स्वतः भरत) असल्यामुळे, किती नोंदी आणायच्या हे सांगणाऱ्या लिमिटमधील, उदाहरणार्थ, २५ अवतरणचिन्हांत जाऊन सिंटॅक्स एरर येते, म्हणून लिमिटची किंमत बाइंडव्हॅल्यूने पूर्णांक प्रकार देऊन बांधावी. वजनाला मात्र तो प्रकार कधीही देऊ नका, कारण १२.४५ क्विंटलचे १२ झाले तर नुकसान शेतकऱ्याचे होते. पीडीओत दशांशासाठी वेगळा प्रकार नाही. वजन स्ट्रिंग म्हणून पाठवावे आणि रकाना डेसिमल ठेवावा. शंका आली की एक्झिक्यूटनंतर डीबगडंपपॅरम्स चालवा. पीएचपी ७.२ पासून, नक्कल चालू असताना, किमती भरलेली पूर्ण क्वेरी त्यात दिसते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बाइंडव्हॅल्यू केल्यावर नोंदी बरोबर जात आहेत. आपण सांगितल्यावर तपासले, तर वजनाला मी खरोखरच पूर्णांक प्रकार दिला होता, तोही काढला. चुकलेल्या पट्ट्या आज कागदी काटापावत्यांवरून पुन्हा भरत आहे.