मदत हवी आहे: १८ मीटर टॉवरच्या तणाव्यांचा ताण कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात आमच्या वाडीत १८ मीटर उंचीचा जाळीदार टॉवर आहे, वर हौशी (हॅम) रेडिओची २० मीटर बँडची तीन एलिमेंटची यागी अँटेना. तणावे, म्हणजे टॉवर ओढून धरणाऱ्या तारा, दोन थरांत, ९ आणि १७ मीटरवर, प्रत्येक थरात तीन. अँकर पायापासून १४ मीटरवर. तार म्हणजे विजेच्या खांबांना असते तसली सातपदरी जीआय स्टे वायर, जाडी ६ मिलिमीटरच्या आसपास. खाली टर्नबकल, म्हणजे फिरवून तार आवळायचा आट्यांचा सांधा.

पावसाळा संपल्यावर गवंड्याचा ओळंबा डोळ्यासमोर धरून पाहिलं, तर टॉवरचा शेंडा रस्त्यापासून लांब, विहीर आणि गोठ्याच्या मधल्या बाजूला किंचित वाकलाय. आजवर मी तार हाताने हलवून "झालं, बसली" म्हणायचो. आता नीट मोजून करायचंय. एका अमेरिकन तक्त्यात पाव इंची तारेला ३०० किलो ताण लिहिलाय. तेवढा द्यायला टर्नबकल आवळायला घेतला, पण तार तुणतुण्यासारखी वाजायला लागली आणि मी घाबरून थांबलो.

३०० बरोबर आहे का? आणि महागडं गेज न मागवता मोजायचं कसं?

प्रतिसाद – जुना हॅम

थांबलात ते फार बरं केलंत!

तो तक्ता ईएचएस, म्हणजे जादा मजबूत पोलादाच्या तारेचा आहे. पाव इंची ईएचएस तुटते ती साधारण ३ टनांना, आणि सुरुवातीचा ताण तुटभाराच्या (ज्या भाराला तार तुटते त्याच्या) १० टक्के धरतात, म्हणून ३०० किलो. (तिकडच्या टॉवर मानकात ७ ते १५ टक्के चालतात.) तुमची स्टे वायर वेगळ्या पोलादाची. दोन मिलिमीटरचे सात पदर आणि ७०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरचा ग्रेड धरला, तर ती दीड टनाच्या आसपास तुटेल. त्याचे १० टक्के दीडशे किलो. बिलावर ग्रेड लिहिलेला असतो, तो आधी बघा. जास्तीचा ताण नुसता तारेवर जात नाही. तिन्ही तणावे मिळून टॉवरला खाली दाबत असतात, पाय वाकायची भीती तिथे असते.

मोजायला मोबाईलमधलं स्टॉपवॉच पुरे. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर, अँकरजवळ तारेला लाकडाने एक ठोका द्या आणि तारेवर बोट हलकं टेकवून ठेवा. ठोका वर टॉवरपर्यंत जाऊन परत येतो, बोटाला टिचकी लागते. पुन्हा जातो, पुन्हा येतो. अशा १० टिचक्यांचा वेळ घ्या. पहिला ठोका "शून्य" मोजायचा, "एक" नाही. इथे नव्वद टक्के लोक चुकतात, मीही चुकलोय.

मग ताण (किलोत) = ४ × तारेचं वजन × लांबी ÷ (९.८१ × एका फेरीच्या वेळेचा वर्ग). तुमची वरची तार २२ मीटर, वजन ४ किलो धरा. दीडशे किलोला १० फेऱ्या ४.९ सेकंदांत यायला हव्यात. तारेत मधे चिनी मातीचा इन्सुलेटर असेल तर ठोका तिथूनही परततो आणि गोंधळ होतो. मग अख्खी तार हाताने झुलवा, एका पूर्ण झोक्याला तेवढाच वेळ लागतो.

धागाकर्ता

आज सकाळी साडेसहाला मोजलं. तिन्ही वरच्या तारा, १० फेऱ्या:

विहिरीकडची ४.२ सेकंद, गोठ्याकडची ४.४, रस्त्याकडची ५.१.

म्हणजे अंदाजे २०० किलो, १८५ आणि १४०. शेंडा का वाकला ते कळलं. पण रस्त्याकडचीच ढिली का? तिचा टर्नबकल मी वर्षभरात हातही लावलेला नाही.

प्रतिसाद – शिडाची होडी

आम्ही शिडाच्या दोऱ्या, म्हणजे तारा, लूस गेज या ताण दाखवणाऱ्या तयार उपकरणाने मोजतो. बरेच हॅम तेच वापरतात. पण ते १९ पदरी स्टेनलेस तारेसाठी जुळवलेलं असतं, सातपदरी जीआयवर आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

घरी करायचं तर १ मीटरच्या फळीला दोन टोकांना दोन खुंट्या मारा, तारेवर टेकवा आणि मधोमध सामान तोलायच्या काट्याने तार १० मिलिमीटर ओढा. दीडशे किलो ताणाला काट्यावर ६ किलो यायला हवेत. तार स्वतःच ताठ असल्याने जरा जास्तच दाखवेल, म्हणून उरलेल्या तुकड्याला माहीत असलेलं वजन टांगून आधी जुळवून घ्या.

प्रतिसाद – निवृत्त लाईनमन

टर्नबकलचं राहू द्या, आधी क्लिपा बघा, म्हणजे तारेचं दुमडलेलं टोक जखडणारे चाप. वारा ढकलतो तेव्हा तार क्लिपेतून केस-केस सरकते. क्लिपेचं खोगीर, म्हणजे खाचेचा ठोकळा, भार घेणाऱ्या तारेवर बसलं पाहिजे आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर. उलटं बसवलं तर यू भाराची तार चेचतो आणि पकडही कमी मिळते. नट दोन-चार महिन्यांनी परत आवळायचे असतात, ते कुणीच करत नाही.

आणि एक. टर्नबकल सोडण्याआधी अँकर ते तार अशी चेन पुली लावा. आटा निसटला तर टॉवर अंगावर येईल. काम झाल्यावर टर्नबकलच्या पोटातून तार ओवून दोन्ही बाजूंना बांधा, नाहीतर वाऱ्याने तो आपोआप उलटा फिरतो. आणि हे सगळं होईपर्यंत टॉवरवर कुणी चढू नका.

धागाकर्ता

काका, तुमच्या पाया पडायला हवं! रस्त्याकडच्या तारेच्या तीनपैकी दोन क्लिपा उलट्या निघाल्या. शेपटावर गंजाची जुनी रेघ क्लिपेपासून बोटभर सरकलेली दिसली, म्हणजे तार तेवढी सुटली होती. क्लिपेखालचा भाग चेचलेला होता. तेवढा कापून नवीन थिंबल (तारेच्या फासात बसणारी धातूची खोबण) आणि चार नव्या क्लिपा घातल्या, खोगिरं सरळ.

फळीचंही करून पाहिलं. आंब्याच्या जाड फांदीला चेन पुली बांधली, तारेच्या तुकड्याला सिमेंटच्या तीन गोण्या टांगल्या, म्हणजे बरोब्बर दीडशे किलो. हिशेबाने ६ हवे होते, काट्यावर साडेसहा आले. आई पडवीतून विचारत होती, आंब्याला सिमेंट कशाला बांधलंय.

विहिरीकडची आणि गोठ्याकडची सैल केली, रस्त्याकडची आवळली, सगळं अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आणि दरवेळी ओळंबा बघत. एक फिरवली की बाकी दोघींचे आकडे बदलतात, त्यामुळे सकाळची दुपार झाली. आता वरच्या तिन्ही तारा १० फेऱ्यांना ४.८, ४.९, ४.९. फळीचा काटा तिन्हींवर साडेसहाच्या आगेमागे. शेंडा दोन्ही बाजूंनी ओळंब्यात.

खालचा थर राहिलाय. तिथे तार साडेसोळा मीटरची आहे, म्हणजे १० फेऱ्या ३.७ सेकंदांत. इतक्या भरभर बोटाला लागतं की माझी मोजणी दरवेळी वेगळी येते. स्लो मोशन व्हिडिओ काढून कुणी मोजलंय का? कॅमेरा अँकरजवळ ठेवू की तारेच्या मध्यावर?