सकाळी 'महाविजयी' म्हणवून घेणारा मी संध्याकाळी हरतो, तर सकाळचे ते वाचन खोटे ठरते का?

प्रश्न विचारणारा: भोसरीतला हिशेबनीस

सर्वांना सलाम. मी भोसरीच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करतो आणि पिंपरीत राहतो. माझा बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरणही आजोबांच्या जुन्या मराठी मंडळीत झाले. मात्र गेली चार वर्षे आम्ही घराजवळच्या एका नव्या सहभागितेत (फेलोशिप मंडळीत) जातो. तिथे दोन वर्षांपूर्वी प्रत्येक कुटुंबाला 'ख्रिस्तात मी कोण आहे' या मथळ्याचा एक छापील कागद मिळाला. त्यावर तीस वाक्ये आहेत: मी देवाचे मूल आहे, मी नवी उत्पत्ती आहे, मी नीतिमान ठरलो आहे, मी महाविजयी आहे, आणि अशीच पुढे. हा कागद रोज सकाळी मोठ्याने वाचावा अशी सूचना होती, आणि आम्ही ती पाळत आलो आहोत. आमच्या फ्रिजवर तो चुंबकाने लावलेला आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यावर फोडणीच्या तेलाचा डागही पडला आहे.

माझी अडचण रागाची आहे. मार्चअखेरीच्या दिवसांत एका संध्याकाळी जुळत नसलेला ताळेबंद डोक्यात घेऊन, नाशिक फाट्याच्या गर्दीतून मी घरी पोहोचलो आणि मुलीचे गणित तपासायला बसलो. तिसऱ्यांदा तीच चूक दिसल्यावर मी वही भिरकावली. ती फ्रिजवर आदळली आणि तो कागद खाली पडला. मुलीने तो उचलला, सरळ करून पुन्हा चुंबकाखाली लावला आणि काही न बोलता आत निघून गेली.

सहभागितेतल्या एका ज्येष्ठ बंधूंना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की पराभव तोंडाने उच्चारू नये, उच्चारला की तो खरा होतो. त्याऐवजी विजयाची घोषणा करावी. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणातही मला हेच ऐकावे लागले होते, आणि ती गेल्यावर 'कुठेतरी विश्वास कमी पडला' असेही. तेव्हापासून सकाळी ती वाक्ये वाचताना जीभ अडखळते. जे मी नाही ते मी आहे असे म्हणणे हा विश्वास, की स्वतःचीच फसवणूक? आणि पवित्र शास्त्र ज्याला विजय म्हणते तो नेमका कसला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: जुना विद्यार्थी, बिबवेवाडी

आपण हिशेबाच्या कामात आहात हे वाचून बरे वाटले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर देताना नव्या करारातली पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने नेमका हिशेबाच्या वहीतलाच शब्द वापरला आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या अकराव्या वचनात आपण पापाला मेलेले आणि देवाप्रीत्यर्थ जिवंत झालेले आहोत 'असे माना' असे मराठीत वाचायला मिळते. 'माना' म्हटले की आपल्याला घटकाभर समजून चालण्याचा भास होतो, पण मुळातले ग्रीक क्रियापद हिशेब धरण्याचे आहे आणि आपल्या बोलीत त्याला 'जमेस धरा' हा शब्द अगदी चपखल बसतो. आता आपणच सांगा, रक्कम जमेस केव्हा धरतात? ती आलेली असते आणि तिची पावती हाती असते तेव्हा. नोंद केल्यामुळे पैसे येत नाहीत, आणि आलेले पैसे आपल्या मनाला अजून पटले नाहीत म्हणून ते परतही जात नाहीत. पौलाची पावती म्हणजे त्याच अध्यायातली आधीची दहा वचने, ज्यांत ख्रिस्ताच्या मरणाविषयी आणि पुनरुत्थानाविषयी घडून गेलेली गोष्ट सांगितली आहे. म्हणून आपले सकाळचे वाचन खोटे नाही. मात्र ते वाचल्यामुळे काही घडते असे ज्यांनी सांगितले, त्यांनी पावती आणि नोंद यांचा क्रम उलटा लावला आहे.

मग संध्याकाळच्या रागाचे काय? इथे मला दत्तकाचा दाखला उपयोगी वाटतो, कारण 'दत्तक' हा शब्द पौलाने स्वतःच आठव्या अध्यायात योजला आहे. १८७५ साली बडोद्याच्या गादीसाठी महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव सयाजीराव ठेवले. शेतकरी घरातल्या त्या मुलाला तेव्हा धड लिहिता-वाचताही येत नव्हते. दत्तकविधान झाले त्या दिवशी तो गायकवाड झाला, आणि राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्याच्या हाती आले ते १८८१ च्या अखेरीस. मधली सहा वर्षे शिक्षक, धडे आणि चुका यांत गेली. चुकला म्हणून त्याला कोणी कवळाण्याला परत पाठवले नाही, आणि शिकला म्हणून तो गायकवाड झाला असेही नाही. गायकवाड झाला होता म्हणूनच त्याला शिकवले जात होते. दाखला ताणून धरू नये हे खरे, पण नीतिमान ठरणे आणि पवित्र होत जाणे यांतला फरक मला याहून सोप्या रीतीने सांगता येत नाही.

'महाविजयी' या शब्दाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तो त्या कागदावर एकटा पडला आहे. मूळ वचनात (रोमकरांस ८:३७) त्याच्या आधी 'ह्या सर्व गोष्टींत' असे शब्द आहेत, आणि त्या गोष्टी कोणत्या ते दोनच वचने मागे सांगितले आहे: क्लेश, आपत्ती, पाठलाग, उपासमार, नग्नता, संकट, तलवार. मधल्या वचनात तर पौल चव्वेचाळिसाव्या स्तोत्रातली ओळ आणतो, ज्यात देवाचे लोक स्वतःला वधाची मेंढरे म्हणतात. म्हणजे हा विजय त्या गोष्टींतून सुटण्याचा नाही, त्यांच्या आत असताना ख्रिस्ताच्या प्रीतीपासून कोणी वेगळे करू शकत नाही याचा आहे. आपल्या मातोश्रींविषयी जे बोलले गेले ते या वचनापुढे टिकत नाही. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढेच उत्तर मिळाले. त्रफिम या सोबत्याला त्याने मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवले. तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. यांपैकी कोणालाही त्याने विश्वास कमी पडल्याचा बोल लावला नाही.

आणि पराभव उच्चारू नये म्हणणाऱ्या त्या बंधूंना एकच विचारावे, की मग प्रभूची प्रार्थना ते कशी म्हणतात? तिची सुरुवात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी आहे आणि थोडे पुढे गेल्यावर 'आमची ऋणे आम्हांस सोड' येते. ज्याला बाप म्हणण्याचा हक्क मिळाला आहे त्यानेच रोज, भाकरीच्या जोडीने, क्षमाही मागायची आहे.

उत्तर: खडकीची ताई

बिबवेवाडीच्या सरांचे उत्तर पटले, तरीही मोठ्याने म्हणण्याची बाजू कोणीतरी मांडायला हवी. माझ्या धाकट्या भावाची दारू सुटून अकरा वर्षे झाली. घरी येण्याच्या त्याच्या वाटेवर ते दुकान होते आणि दुसरी वाट नव्हती. पाळकसाहेबांनी त्याला करिंथकरांस पहिल्या पत्रातले वचन दिले होते, की आपण मोलाने विकत घेतलेले आहोत आणि आपण आपले स्वतःचे नाही. रोज संध्याकाळी सायकल हातात धरून तो ते वचन ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत त्या दुकानावरून पुढे जात असे. येणारे-जाणारे हसत असत. मनातल्या मनात म्हणून त्याचे भागत नव्हते, कारण मनात त्या वेळी दुसराच आवाज मोठा असे. तेव्हा घोषणेला सरसकट नावे ठेवू नयेत अशी विनंती आहे.

मात्र एक गोष्ट त्या कागदवाल्या बंधूंना मुद्दाम सांगावीशी वाटते. वचन म्हणण्याआधी माझा भाऊ कोपऱ्यावरच्या बूथवरून मला फोन करायचा आणि म्हणायचा, "ताई, आज पाय तिकडे वळतोय." दुबळेपणा आधी उच्चारला जात होता, वचन त्याच्यानंतर. दोनदा तो घसरला आणि दोन्ही वेळा त्या दिवशी फोन आला नव्हता.

उत्तर: दौंड गाडीचा प्रवासी

मी पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन जिथे आहे त्या केडगावजवळचा, नोकरीसाठी रोज पुण्याला येतो, म्हणून त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि तरीही त्यांनी स्वतःच्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवले की पुढची कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढ्या विद्वान बाईने हे जाहीरपणे मान्य केले, आणि तेही शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेमुळे पुण्यात त्यांच्या प्रत्येक शब्दावर लोकांचे लक्ष असताना. 'विजयी जीवन' ही भाषा ज्या केस्विक मेळाव्यांतून जगभर गेली, ते मेळावे उत्तर इंग्लंडमध्ये १८७५ साली सुरू झाले (वर सरांनी सांगितलेल्या दत्तकविधानाचेच साल, हा निव्वळ योगायोग), आणि १८९८ मध्ये रमाबाई तिथेही जाऊन आल्या होत्या. ती शिकवण त्यांना ठाऊक होती, प्रिय होती. पण त्यांचे आयुष्य पाहा: ऐकू येणे कमी झालेले, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचा संसार डोक्यावर, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर चाललेले, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या देखत गेली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. मनोरमाबाईंच्या मृत्यूला विश्वासाची कमतरता म्हणण्याची छाती कोणाची होईल?

रागाविषयी बोलायचे तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावीत. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे अभंग आपण उपासनेत गातो, पण त्यांचा शीघ्रकोप लक्ष्मीबाईंनी झाकून ठेवलेला नाही, आणि १८९५ च्या बाप्तिस्म्याने तो एका रात्रीत नाहीसा झाला असेही त्या दाखवत नाहीत. हे वाचून अभंग कमी खरे वाटत नाहीत, निदान मला तरी नाही. अर्थात, टिळकही रागावत असत अशी ढाल करून कोणी घरात वह्या फेकू नयेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: भोसरीतला हिशेबनीस

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचे वाक्य माझ्यासाठीच होते, ते पोहोचले.

'जमेस धरणे' मी दिवसातून वीस वेळा लिहितो आणि ते पौलाच्या पत्रात असेल हे कधी सुचले नाही. पावतीशिवाय नोंद केली तर लेखापरीक्षक ती लाल शाईने खोडतो. गेली दोन वर्षे मी सकाळी ती तीस वाक्ये पावती न पाहता लिहीत होतो, म्हणून जीभ अडखळत होती असे आता वाटते. आईविषयी सरांनी लिहिलेला परिच्छेद मी पत्नीला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

खडकीच्या ताईंचे लिहिणे वाचल्यावर मी त्याच रात्री मुलीजवळ जाऊन बसलो. वही फेकली ती चूक माझी होती, तिच्या गणिताची नव्हती, असे सांगून तिची क्षमा मागितली. पुढच्या वेळी राग चढायला लागला तर मी आधीच 'आज माझे डोके ठिकाणावर नाही' असे तिला सांगेन, आणि त्या दिवशी गणित आईकडे जाईल, असे आम्ही ठरवले आहे. आतापर्यंत दोनदा तसे झाले.

कागद फ्रिजवरच आहे. 'मी महाविजयी आहे' या ओळीत 'ह्या सर्व गोष्टींत' हे शब्द मी पेनाने घातले आणि सर्वांत खाली, तेलाच्या डागाशेजारी जागा होती तिथे, 'आमची ऋणे आम्हांस सोड' असे लिहिले. त्या ज्येष्ठ बंधूंशी अजून बोललेलो नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी त्यांना गाठणार आहे आणि जाताना रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सोबत नेणार आहे.