फिरायला जायचं वय

नानाकाका: चिनू, व्हिएतनामचे फोटो बघितले, छान आलेत. पण 24 वर्षांची पोरगी स्वतःच्या पगारातून विदेशात जाते हे आमच्या वेळी कोणाला सुचलंच नसतं. बँकेतले आमचे लोक रिटायर झाले, पीएफ हातात पडला की मगच युरोपचं नाव काढायचे, नाहीतर मुलगा अमेरिकेत असला तर सुनेच्या बाळंतपणाला.

आत्या: तेव्हा डॉलर पण मोजून मिळायचे ना नाना.

नानाकाका: हो ना, परकीय चलनावर कडक बंधनं घालणारा फेरा कायदा होता. 2000 मध्ये त्याच्या जागी सैल असा फेमा आला, मग 2004 ला रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला 25 हजार डॉलर बाहेर न्यायला मोकळे केले, आता अडीच लाख आहेत. 2000 साली नोकरीवाले, शिकणारे सगळे धरून देशातून 44 लाखांच्या आसपास लोक बाहेर गेले, 2024 मध्ये 3 कोटींच्या वर.

चिनू: काका आणि विसा पण! 2023 च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडने आपल्यासाठी विसाची अट काढून टाकली, डिसेंबरमध्ये मलेशियाने, म्हणून ऑफिसमधले सगळे तिकडेच, शनिवार-रविवारला दोन सुट्ट्या जोडल्या की झालं

दादा: तरुण चाललेत, सिनियर चाललेत, मधले आम्ही चाळिशीवाले कुठे? होम लोन, आर्याची दहावी, मे महिन्यात चार तिकिटांचे भाव बघूनच लॅपटॉप बंद करतो. इंदूरहून दुबईचं विमान 2019 मध्ये सुरू झालं तेव्हापासून म्हणतोय जाऊ जाऊ. आर्याचा पासपोर्ट 5 वर्षांचा असतो, एकही शिक्का न बसता संपला, ते बघून फार वाईट वाटलं रे

आत्या: दादा ऐक. आम्ही युरोपला गेलो तेव्हा मी 68 ची, हे 73 चे. अख्खी बस आमच्याच वयाची. रोमला सेंट पीटर्सच्या घुमटाला 551 पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी वरच्या 320 चढाव्याच लागतात. ह्यांना तो घुमट बघायची कॉलेजपासून हौस होती, दोघं खाली चौकात बसून मान वर करून बघत राहिलो. पैसे होते, वेळ होता, गुडघे नव्हते. युरोपच्या शेंगेन विसाला 30 हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, त्याचा प्रीमियम पण ह्या वयात चांगलाच वाढतो. दहावी झाल्यावर, मग बारावी झाल्यावर असं करत बसू नकोस, लहान का होईना ट्रिप कर, सगळे मिळून जा.

चिनू: आत्या 😢

दादा: सोमवारी पासपोर्ट री-इश्यूला टाकतो.

आत्या: अपॉइंटमेंट मिळाली की तारीख इथेच सांग.